मोनाच्या कानामागची बट

कोल्हापूर, १२ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आक्काआत्यास,
तेजूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

सुखरूप पोचले. चकल्या ऑफिसात पहिल्याच दिवशी संपल्या. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की तुझी गल्ली आणि माझी घरमालकीण दोन्ही ऐकतात, म्हणून आपलं पत्रच बरं.

दिवाळीत तू माझ्याशी धड बोलली नाहीस. माझ्या डोक्याकडे बघायचीस आणि पदर पुढे ओढून आत जायचीस. आक्का, याला ड्रेडलॉक म्हणतात. राजारामपुरीत एका मुलाकडून करून घेतले. केसांचे चौकोन पाडायचे, उलटा कंगवा मारायचा आणि सुटे केस क्रोशाच्या सुईनं आत ओढायचे. सुरुवातीचे महिने फार जिकिरीचे. डोकं खाजतं, मुळाशी नवे केस सुटे होतात, शेजारच्या दोन बटा एकमेकींत अडकतात, त्या रोज बसून सोडवाव्या लागतात. आठवड्यातून दोनदा धुते आणि मुळापर्यंत वाळवते, नाहीतर ओल्या गोणपाटाचा वास येतो. पप्पा म्हणाले की पोरीनं डोक्यावर सुंभाचं दुकान टाकलंय. माझे कुरळे केस लहानपणापासून सगळ्यांनी ओढून ओढून सरळ केले. आता पहिल्यांदा ते माझे वाटतात.

तुझी जट देवीची, माझी हौसेची, एवढाच फरक. रागावू नकोस.

शेजारच्या बाळाबाईंची नात मोना मात्र माझ्यावर खूश आहे. मला पण तसलंच पाहिजे म्हणून मागे लागली, तेव्हा तिच्या कानामागे एक इवलीशी बट सुईनं वळून दिली. आईबाप पुण्याला, आजी दिवसभर म्हशींच्या मागे, पोरीचे तेवढेच लाड.

लोभ आहेच, तो या केसांसकट वाढावा.

तुझी,
तेजू


गारगोटी, २० नोव्हेंबर २०२४

चि. तेजूस आक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. घरी सर्व ठीक. तुझ्या पप्पांचा गुडघा कुरकुरतो, पण तो त्यांच्यापेक्षा कमीच कुरकुरतो.

मी रागावले नव्हते, घाबरले होते. तू दारात उभी राहिलीस तेव्हा मला माझंच डोकं दिसलं. हौस म्हणतेस. तुला धुवायची मुभा आहे, मला पाणी लावायचीही बंदी होती. उवा झाल्या तरी आई हात लावायची नाही. ओझ्यानं मान अवघडायची, तेव्हा बायका म्हणायच्या की देवी बसलीय, जड वाटणारच.

आता वाईट बातमी. काल मंगळवारी बाळाबाईनं मोनाची वेणी घालायला घेतली आणि तिच्या हाताला ती बट लागली. तिनं कंगवा टाकला आणि हंबरडाच फोडला. हळदकुंकू वाहिलं, भंडारा लावला, गल्लीतल्या बायका गोळा केल्या. मोना रडत सांगत होती की तेजूताईनं सुईनं केलीया. आजीनं तिच्या तोंडावर चापट मारली, देवीच्या बाबतीत असलं बोलायचं न्हाय म्हणून. शाळेत केस विंचरून यायला सांगतात, म्हणून शाळाही बंद केली. आज सकाळी पोर उंबऱ्यावर बसली होती, कपाळावर एवढं मोठं कुंकू. मला बघवलं नाही.

काय करायचं ते कळव.

तुझी,
आक्का


कोल्हापूर, २५ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आक्काआत्यास,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र वाचलं. लगेच बाळाबाईंना फोन केला. मीच वळली, माझ्या सुईनं वळली, अर्ध्या तासात सोडवून देते, असं शपथेवर सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या की व्हय, हात तुझाच हाय, पण तुला बुद्धी कुणी दिली.

आक्का, त्या माझं ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील. दर मंगळवारी, शुक्रवारी त्या तुझ्या पाया पडतात. तू एकदा सांग की यात देवी नाही. मी रविवारी येते, तेल आणि रुंद दातांचा कंगवा घेऊन. बट कोवळी आहे, अजून सुटेल. घट्ट बसली की कापावीच लागेल.

मला झोप लागत नाही. सांगशील ना?

तुझी,
तेजू


गारगोटी, ३ डिसेंबर २०२४

चि. तेजूस आशीर्वाद.

रविवारी न जेवता गेलीस. भाकरी तशीच राहिली.

तू बाळाबाईसमोर तुझी एक बट सोडून दाखवलीस. किती वेळ मान वाकडी करून बसली होतीस, केस तुटत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. तरी ती म्हणाली की तुझी सुटली कारण ती देवीला नको होती. मग तू माझ्याकडे वळलीस, आणि मी गप्प बसले. तू मला भित्री म्हणालीस. बाहेर बायका होत्या, त्यांनी ऐकलं.

तेजू, तू काय मागतेस ते तुला कळतं का? मोनाच्या डोक्यात गुंता असेल, तर माझ्या डोक्यात काय आहे? सहावीत पहिली आले त्या वर्षी माझी शाळा सुटली. पेठ वडगावचं स्थळ आलं होतं, ते दारातूनच परत पाठवलं. हे सगळं देवीसाठी गेलं असं मानते, म्हणून सकाळी उठता येतं. तू बट सोडलीस, उद्या परत वळशील. माझं काय वळणार आहे?

बाळाबाई पुनवेला मोनाला डोंगरावर नेऊन देवीच्या पायावर घालणार आहे, म्हणजे कायमची देवीला सोडणार. आईबापांना तिनं सांगितलंय, ते गप्प आहेत.

आक्का


कोल्हापूर, ७ डिसेंबर २०२४

ती. स्व. आक्काआत्यास,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

भित्री म्हणाले ते चुकले. माफ कर. पुन्हा तुझ्याकडे काही मागणार नाही.

पण मोनाला जाऊ देणार नाही. पुनवेच्या आदल्या दिवशी पोलिसांना घेऊन येणार आहे. गल्ली आपल्याला वाळीत टाकेल, मोनाही घाबरेल, हे सगळं कळतं. दुसरी वाट दिसत नाही.

वहिवाट म्हणून लोभ असावा असं लिहिते. असेल का, माहीत नाही.

तेजू


गारगोटी, १४ डिसेंबर २०२४

चि. तेजूस आक्काचे अनेक आशीर्वाद.

पोलीस नकोत हे परवा तुझ्या पप्पांना फोन करायला लावून कळवलंच आहे. काय झालं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते.

मंगळवारी नेहमीच्या बायका आल्या. बाळाबाई मोनाला पाया पाडायला घेऊन आली. पोर वाकली आणि तिची ती हळदीनं माखलेली बट माझ्या पायावर पडली. मी तिला उठवलं, मांडीवर घेतलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं की हिच्या डोक्यात देवी न्हाय, गुंता हाय.

बाळाबाईनं विचारलं की मग तुमच्या डोक्यात काय हाय.

मला वाटलं होतं, इथं माझी जीभ उचलणार नाही. पण उचलली. सांगितलं की माझाबी गुंताच हाय. तापानं अंथरुणाला खिळले होते, सुगीचे दिवस होते, कुणाला विंचरायला सवड झाली न्हाय. हे मला तेव्हापासून माहीत हाय. तेजू, खरंच माहीत होतं गं.

मी तेल लावून बट सोडवायला घेतली, मोना किंचाळत होती. बाळाबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती, पण तिनं पोरीला ओढून नेलं नाही. बुधवारी मोना दोन वेण्या घालून शाळेत गेली. वेण्या आजीनंच घातल्या. माझ्याशी मात्र ती बोलत नाही.

काल शुक्रवार होता. मी सकाळी उंबरा धुतला, सतरंजी टाकली, दार उघडं ठेवलं. कुणी आलं नाही. संध्याकाळी सतरंजी उचलताना रडू आलं, ते लपवत नाही. माझी जट तशीच आहे. तिचं काय करायचं ते मला विचारू नकोस, माझं मलाच अजून कळलेलं नाही.

एवढंच वाक्य होतं बघ, गुंता हाय. बोलायला एक श्वाससुद्धा लागला नाही. आणि माझ्या वेळी घरात सहा मोठी माणसं होती.

तब्येतीला जप.

तुझी,
आक्का