फ्लोट बसवणाऱ्याची फजिती

तीर्थस्वरूप धाकट्या मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार. (दंड भरले होते तेव्हा जमिनीपर्यंत पोचत नव्हतो, आता पुन्हा पोचतो.) मामी बऱ्या असतील आणि तुमच्या व्यायामशाळेतले आरसे तुम्हाला बघून थकले नसतील, अशी आशा आहे.

तुम्ही दिलेल्या इंजेक्शनांचा गुण आला. वर्षभरात शर्टाच्या बाह्या उसवल्या, सिंकखालच्या पाइपापर्यंत हात जाईना आणि (प्लंबरला हे परवडत नाही) गिऱ्हाइकं माझ्या दंडांचं कौतुक करून काम दुसऱ्याला देऊ लागली. मूल मात्र होईना. तुमच्या भाचेसुनेच्या सगळ्या तपासण्या चोख निघाल्या. माझ्या तपासणीचा विषय निघाला की मी बाही वर करून दाखवायचो. शेवटी तिने माझा एक दंड दोन्ही हातांनी धरून मला डॉक्टरबाईंकडे नेलं. रिपोर्टात शुक्राणूंच्या जागी भोपळा. मला रडूच आलं.

बाईंनी चित्र काढून समजावलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. ती दोन संप्रेरकं पाठवते. एक वृषणांकडून टेस्टोस्टेरॉन बनवून घेतं, दुसरं शुक्राणूंच्या कामावर लक्ष ठेवतं. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं की ग्रंथी हात आखडता घेते. मी तेच बाहेरून टोचून घेत होतो. वर वाटलं भरपूर आहे, खाली कारखाना बंद. मामा, जन्मभर लोकांच्या टाक्यांत फ्लोट बसवले. वरून बादल्या ओतल्या तर फ्लोट उचलला जाऊन नळ बंद होणारच, हे मला दुसऱ्याने सांगावं?

बाईंच्या देखरेखीखाली इंजेक्शनं सोडली. दंड उतरले, मी चिडचिड केली, बायकोने सोसली. शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात, मला सात लागले. आणि काल मी एका सिंकखाली आडवा असताना तिचा फोन आला. दिवस राहिलेत. मी उठलो तो थेट सिंकवर आपटलो. टेंगूळ अजून दुखतंय आणि मी अजून हसतोय.

ता. क. मामी चार वर्षं एकट्याच दवाखान्यांचे उंबरे झिजवताहेत, हे मला खुपतं. तुमचे दंड माझ्याहून भारी आहेत, म्हणून लिहिलं. एकदा त्यांच्याबरोबर जा.

पुन्हा ता. क. पाकीट मामींच्या नावाने टाकलं आहे, तेव्हा त्यांचं आधीच वाचून झालं असेल. त्या चपला घालून दारात उभ्या असतील. न उसवलेला शर्ट शोधा आणि निघा.