नऊ नंबरची खिडकी

प्रिय चिमणे,

फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर मी सारवासारव करतो हे तुला ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसलो. बाळाची छाती नाजूक, आपल्या घरची हवा त्याला मानवेल का, असं तू विचारलं होतंस. मी त्याच दिवशी आलेख पाठवला आणि ऐटीत लिहिलं, बारीक धूळ सरासरी एकतीस, खुशाल या.

त्या एकतीसची गोष्ट सांगतो. मी रेडिओ दुरुस्त करता करता पुस्तकं चाळून शिकलेला माणूस, पण गल्लीतल्या खिडक्यांत लावलेली धूळ मोजणारी चौदाही यंत्रं माझ्या हातची आहेत. सोल्डरिंगचा एकही डाग कच्चा नाही. दर दोन मिनिटांनी प्रत्येक घराचा आकडा नेटवरून दुकानातल्या संगणकावर येतो. तुझी आई म्हणते, मी ताटापेक्षा त्या पडद्याकडे जास्त बघतो. खोटं नाही.

नऊ नंबरचं यंत्र तेवढं छळायचं. ते शिक्षिकाबाईंकडचं, तुला पाढे शिकवायच्या, त्याच. रोज पहाटे साडेपाचला एकशे ऐंशी, आठनंतर पुन्हा पस्तीस. यंत्र तीनदा बदललं, तरी तेच. शेवटी मी प्रोग्रॅममध्ये नियमच घातला: शेजाऱ्यांच्या दुपटीहून मोठा आकडा हिशेबात धरायचा नाही. बाईंना म्हटलं, तुमच्या स्वयंपाकाचा धूर जात असेल. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अरे, पहाटे साडेपाचला मी काय लग्नाचा स्वयंपाक करते?"

त्यांना खोटं पाडायला म्हणून परवा पहाटे मी त्यांच्याकडे जाऊन बसलो. शेगडी थंडगार. बाईंनी खिडकी उघडली. त्यांच्या घराला एवढी एकच खिडकी, तीही घरांमधल्या मागच्या चौकात उघडणारी. खाली पाववाल्याची भट्टी नुकतीच पेटली होती आणि धूर विहिरीतून वर यावा तसा सरळ वर येत होता. बाकीची तेरा यंत्रं मी रस्त्याच्या बाजूला लावली होती, कारण धूळ गाड्यांचीच असणार हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. मान वर केली, तर चौकाच्या पलीकडे, दहा पावलांवर, निळा पडदा. तुझी खोली.

घरी येऊन तुझ्या खिडकीत जादाचं यंत्र टांगलं. दुसऱ्या पहाटे एकशे शहात्तर. मी तो नियम पुसला, बाईंच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि मला पुन्हा पाढ्यांपासून सुरुवात करायला सांगितलं. मग आम्ही दोघं आकडे घेऊन पाववाल्याकडे गेलो. आधी तो तडकला, मग त्याने भट्टीपासून तुझ्या खिडकीपर्यंतचं अंतर नजरेने मोजलं. विजेची भट्टी आणतो म्हणालाय. दोन महिने लागतील.

पाळणा मी त्याच खिडकीखाली ठेवला होता, चिमणे. तुझ्या आईने परवाच त्याला नवी गादी शिवली. म्हणून हे पत्र: इतक्यात येऊ नका. तीन वर्षं वाट पाहिली, दोन महिने काही जड नाहीत, असं आई म्हणते आणि पदर डोळ्यांना लावते. तुझ्या खिडकीतल्या यंत्राचा आकडा आता थेट तुझ्या फोनवर येईल. सलग पंधरा पहाटे तो चाळीसच्या आत राहिला, तर तिकिटं काढ. मला विचारू नकोस.

तुझाच,
आकड्यांच्या गर्वात चुकलेला,
बाबा