दुर्बीण काढल्यावर जे दिसलं

मी, म्हस्कू राघोजी शिंगाडे, वय शहात्तर, धंदा शेती व शेळ्या, त्याआधी फौजेत हवालदार, राहणार पांढरओहोळ, तालुका मंठा, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र आपल्या राजीखुशीने सांगून लिहवून घेत आहे. कुणी मला धमकावलेले नाही, कुणी पाजलेले नाही. डॉक्टर देऊळगावकरांनी आज सकाळी माझी अक्कल तपासली. तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. सगळे बराबर सांगितले. उलट त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर मागच्या महिन्याचे आहे हे मीच त्यांना दाखवले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुणी दुसरे घेऊन आला तर ते खोटे समजावे.

कलम १. हे पत्र माझ्या तेराव्याला, जेवणे उरकल्यावर, ओट्यावर मोठ्याने वाचावे. वाचायचे सूनबाई मनीषाने. माझा मुलगा अंगद वाचताना अक्षरे गिळतो. पुढचे वाचायच्या आधी माझा पुतण्या भुजंग, म्हणजे माझ्या वारलेल्या थोरल्या भावाचा, वसंतादादाचा मुलगा, समोर बसलेला पाहिजे. एकोणीस वर्षे आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही, तेव्हा तो येत न्हाई म्हणेल. मनीषाने त्याच्या दारात जाऊन म्हणावे, "काकांचं तुम्हाला एक सांगायचं राह्यलंय." तरी नाही आला तर दारातच बसावे. मनीषा बसली की समोरचा उठतो, हा माझा अनुभव आहे. तो आल्याशिवाय कलम सहा वाचू नये. माझा सगळा जीव त्या एका कलमात अडकला आहे. बाकीच्या वाटण्या तुम्ही माझ्याविना पण भांडून केल्याच असत्या.

कलम २. पत्र्याचे तीन खोल्यांचे घर आणि ओढ्याकडची जमीन अंगद व मनीषा दोघांच्या नावाने बराबरीने राहील. एकट्या अंगदच्या नावाने नाही. वकीलबाई म्हणाल्या, "कारण लिहायची गरज न्हाई." मी लिहितो: अंगद जालन्याच्या कंपनीत जातो, शेती मनीषा करते. ज्याचे हात त्याचे नाव. जमिनीतला निंबाखालचा तुकडा यातून वगळला आहे, तो कलम सातमध्ये येईल.

कलम ३. बँकेतली शिल्लक नात प्रीतीच्या शिक्षणाला. शेळ्या मनीषाच्या. काळ्या कानाची शेळी विकू नये. माझी बायको इंद्रायणी गेली त्या आठवड्यात ती जन्मली, आणि मी रडत बसलो की माझ्या धोतराचा सोगा चघळायची.

कलम ४. माझी काळी घोंगडी भुजंगला. आमच्या आईने कातरलेल्या एकाच कळपाच्या लोकरीतून दोन घोंगड्या विणून घेतल्या होत्या, एक वसंतादादाला, एक मला. दादाची भुजंगकडे आहे. आम्हा धनगरांची पोरे थंडीत घोंगडीची खोळ करतात, डोक्यावरून टोक मारून पाठीवर सोडतात आणि आत वाकून बसतात. मी बारा वर्षाचा होईपर्यंत असाच मेंढरांमागे हिंडलो. हे नीट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

कलम ५. माझी ३१५ बोरची रायफल. परवाना पीक संरक्षणाचा, रानडुकरांसाठी वनखात्याची वेगळी परवानगी, दोन्ही कागद पेटीत लाल फडक्यात आहेत. हे पत्र वाचून झाल्यावर बंदूक एक दिवसही घरात ठेवू नये, पोलिसात जमा करावी व कायद्याप्रमाणे विकावी. अंगद, तुझ्या मित्राच्या लग्नात हवेत बार काढायला तू मागितली होतीस, ते मी विसरलेलो नाही. गाढवपणाला वारस नेमता येत नाही.

बंदुकीवरच्या वस्तूंचे मात्र वेगळे आहे, आणि ते समजायला थोडे मागे जावे लागेल.

डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला तेव्हा मी हौसेने दुर्बीण बसवून घेतली. बसवणारा दुकानदार म्हणाला, "हवालदारसाब, आता या जुन्या माशीचं काय काम?" मी पण फुगलो. बंदुकीची मूळची साधी नेमाची सोय, म्हणजे नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच, काढून त्याच्याच गल्ल्यावर ठेवून आलो. फौजेत वीस वर्षे त्याच माशीवर नेम धरला होता. माणूस म्हातारा झाला की अक्कल वाढते म्हणतात, ते काही खरे नाही.

पुढे दुर्बीण एकदा मचाणावरून पडली आणि दीड महिना दुरुस्तीला गेली. डुकरांनी भुईमूग नांगरून टाकला. तेव्हा मनीषा म्हणाली, "मामा, मोटारसायकलवर जाताना पंक्चरचं सामान ठेवता. बंदुकीला का न्हाई?"

मी म्हणालो, "बंदुकीतलं तुला काय कळतंय?"

"बंदुकीतलं न्हाई कळत. मोडतं त्यातलं कळतं. घरात सगळं मोडलेलं मीच सांधून राह्यले."

मंग साध्या नेमाच्या जोडीची, म्हणजे माशी आणि खाचेची, आमची शोधाशोध सुरू झाली. परदेशी, घडी होणारी जोडी पाहिली, देखणी होती, पण दोन बकऱ्यांच्या भावात. मनीषाने फोनवरून एक प्लास्टिकची मागवली, कोंबडीच्या भावात. ती तिने आधी उन्हात तापलेल्या पत्र्यावर चार दिवस ठेवली, मंग ओट्यावरून खाली टाकली. घडी उघडली तर माशी डावीकडे कललेली. "आणखी एकदा उघडून बघा," म्हणाली. या वेळी उजवीकडे. "हिला रोज वेगळं सुचतं," असे म्हणून तिने ती प्रीतीला खेळायला दिली.

शेवटी जालन्यात नेमबाजी शिकवणाऱ्या बेबीनंदाबाईंकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला. "बाबा, तुमची दुर्बीण झटक्यात निघते का? ती निघतच नसेल तर खाली सोन्याची माशी बसवली तरी दिसणार कशी?" म्हणजे साध्या नेमाच्या आधी दुर्बिणीची पकड बदलायची. त्यांनी एका दांडीची पकड बसवून दिली, दांडी फिरवली की दुर्बीण हातात. आणि त्यांच्याकडची वापरलेली, पोलादी, न हलणारी जोडी दिली, एका करडाच्या भावात. पुढे पांढरा ठिपका दिलेली माशी. मागे खाच नाही, तर पट्टीत एक भोक. हरभऱ्याच्या दाण्याएवढेसुद्धा नाही.

मी म्हणालो, "बाई, आधीच दिसत न्हाई, त्यात भोकातून काय बघू?"

"भोकाकडं बघू नका. भोकातून बघा. मधोमध आणायचं काम डोळा आपलं आपण करतो."

मी डोळा लावला. देवाशप्पथ सांगतो, मी हबकलो. समोर लांब बाभळ होती. उघड्या डोळ्याला नुसता धूर दिसत होता, आणि त्या भोकातून तिचे काटे सुटे सुटे दिसले. काच नाही, भिंग नाही, काही नाही. नुसते भोक! मी डोळा बाजूला घेतला, पुन्हा धूर. पुन्हा लावला, पुन्हा काटे. चार वेळा केले. बाई हसू लागल्या. म्हणाल्या, जास्तीचा उजेड अडला की नजर साफ होते. असेल. पण माझ्या अंगावर काटा आला तो आला. सत्तरीला टेकलेल्या माणसाला देवाने एवढ्याशा भोकातून सगळे रान परत दिले. त्या रात्री मी इंद्रायणीला तेच तेच सांगत राहिलो, शेवटी ती म्हणाली, "झोपा आता, भोक सकाळी पण असंल."

कलम ६. भुजंग, आता तू ऐक.

बांधावरून आपले भांडण झाले. मी हातभर सरकवला असे तू म्हणत होतास, तू सरकवला असे मी. सरकारी मोजणी आली तेव्हा दोघेही खोटे निघालो, बांध होता तिथेच होता. पण तोवर माझ्या तोंडातून, भर पारावर, निघून गेल्तं: "माझ्या रानात पाय ठेवलास तर पाय तोडीन." तो शब्द मला मागे घेता आला असता. घेतला नाही. हवालदार होतो ना मी. वसंतादादाची समाधी, निंबाखालचा तो शेंदराचा दगड, वाटणीत माझ्या बाजूला आला होता. त्या एका वाक्याने मी तुझ्या बापाचे दार तुला बंद केले, आणि हे माझ्या ध्यानातसुद्धा आले नाही.

दोन हजार सतराचा पौष. पहाट फुटून गेल्ती, पण धुक्यात लांबचे सगळे पुसट. मी मचाणावर होतो. निंबाच्या अंगाला, तुरीच्या कडेला काळी पाठ हलली. बसकी, रुंद, आणि पुढच्या पायांनी माती उकरून राह्यलेली. मी दुर्बीण लावली. दुर्बिणीने ती पाठ एवढी जवळ आणली की दुसरे काही उरलेच नाही. राठ, काळे, उभे केस दिसले मला. एक एक केस दिसला. रानडुकराचेच केस. मी शपथेवर सांगितले असते. बोट चापावर गेले.

तेवढ्यात माझ्याच श्वासाने काच धुरकटली. मी शिवी दिली, दांडी फिरवली, दुर्बीण काढली आणि भोकाला डोळा लावला.

भोकातून पाठ लहान दिसली. पण पाठीच्या आजूबाजूचे पण दिसले. शेंदराचा दगड दिसला. दगडापुढे ताटली, ताटलीत भाकरी आणि उदबत्तीची लाल टिकली. आणि बाजूला, एकमेकींना लावून ठेवलेल्या, दोन वहाणा. डुक्कर वहाणा काढून बसत नाही, भुजंग.

तू तुझ्या बापाच्या दगडाभोवतीचे गवत हाताने उपटत होतास. त्या दिवशी दादाची तिथी होती. मी सख्खा भाऊ, मी विसरलो होतो. तू अंगावर दादाची घोंगडी घेतली होतीस, खोळ करून, वाकून, मी बघू नये म्हणून. ज्याचा जन्म खोळीत गेला त्या मला, खोळीतला माणूस ओळखू आला नाही. ते राठ केस माझ्याच खांद्यावरच्या घोंगडीच्या जोडीचे होते, एकाच मेंढराचे असतील. फौजेत पहिल्या दिवशी शिकवतात, समोर काय आहे ते पक्के कळल्याशिवाय बोट आत जात नाही. माझे गेले होते.

दादाला साप चावला तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. तुला खांद्यावर घेऊन दादाच्या मातीला मीच त्या निंबापर्यंत गेल्तो. त्याच जागी मी तुला मारणार होतो.

तू गेल्यावर मी खाली उतरलो. दगडापाशी आलो. ताटलीत दोन भाकरी होत्या. एक दादाला, हे समजले. दुसरी कशाला, म्हणून बघितले तर दगडाच्या पायाशी दुसरा लहान दगड, त्याच्यावर पण शेंदूर. दादाबरोबर सापाने मारलेल्या आपल्या खंड्या कुत्र्याचा. त्याला पण तू दर वर्षी जेवू घालत होतास! आणि मला तू नुसता बांध चोरणारा वाटत होतास. मी तिथे किती वेळ बसलो सांगता येत नाही. दगडाकडे बघत होतो, निंबाकडे, मचाणाकडे. मचाणावरून इथवर नीट एक रेघ होती आणि त्या रेघेच्या मध्ये फक्त एक धुरकटलेली काच आणि एक भोक. ज्याने कुणी हे जमवून आणले त्याला मी आजही हात जोडतो.

त्यानंतर बंदुकीतून गोळी सुटली नाही. लोकांना सांगितले, डोळे गेले. तू पारावर म्हणायचास, "काकाचा नेम गेला, आता काका कावळे मोजून राह्यलाय." मी ऐकायचो. एक दिवस उठून तुझ्याकडे यावे आणि सांगावे असे दर पौषात ठरवले. तुझ्या दारापर्यंत दोनदा आल्तो. हिंमत झाली न्हाई. मेल्यावर सांगतो आहे, हा भेकडपणा आहे. तुला राग येईल. येऊ दे. तो तुझा हक्क आहे.

कलम ७. (अ) दुर्बीण प्रीतीला. तिने एकदा तिच्यातून चंद्रावरचे खड्डे बघितले आणि दोन दिवस जेवायची शुद्ध नव्हती. दुर्बीण त्याच कामासाठी चांगली आहे.

(आ) भोकाची पोलादी पट्टी बंदुकीवरून काढून मनीषाला द्यावी. पंक्चरच्या सामानाचे ती बोलली नसती तर आज भुजंगच्या पोरांच्या डोक्यावर बाप नसता. सूनबाई, बंदुकीतले तुला कळत नाही असे मी म्हणालो होतो, ते मागे घेतो. मात्र आधी ती पट्टी भुजंगने हातात घ्यावी, मचाणावर चढावे आणि तिच्यातून निंबाकडे एकदा बघावे.

(इ) निंबाखालचा दीड गुंठा, दोन्ही दगडांसह, आणि बांधापासून तिथवरची बैलगाडी जाईल एवढी वाट भुजंग वसंता शिंगाडे याच्या मालकीची राहील. अंगदने किंवा आणखी कुणी ती अडवू नये, नांगरू नये, कुंपण घालू नये.

(ई) माझ्या नावाचा दगड त्या निंबाखाली बसवायचा की नाही, हे भुजंगने ठरवावे. तो नाही म्हणाला तर त्याला कुणी एक शब्द बोलू नये, दगड ओढ्याकडेला बसवावा.

(उ) भुजंग, यापुढे तिथीला त्या वाटेने भर उन्हात यावे, पोराबाळांना घेऊन, हलगी वाजवत यावे. खोळ करू नये. वाकू नये. वहाणा तेवढ्या काढाव्यात, त्या दिवशी काढल्या होत्यास तशा.

वरील सर्व मला वाचून दाखवले. वकीलबाईंनी चार ठिकाणी शब्द बदलायला सांगितले, मी एकाच ठिकाणी बदलला. बाकी माझे आहे.

ठिकाण: मंठा
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५

(सही) म्हस्कू राघोजी शिंगाडे

आम्ही खालील दोघांनी म्हस्कूबाबांना सही करताना पाहिले आणि त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या. आम्हाला या पत्रातून काही मिळत नाही. कलम सहाच्या वेळी त्यांनी दोनदा पाणी मागितले, ते शुद्धीत व स्वस्थ होते.

साक्षीदार १: डॉ. अद्वैत मार्तंड देऊळगावकर, मंठा
साक्षीदार २: कौसल्या आबाजी थोरवे, निवृत्त शिक्षिका, पांढरओहोळ

लिहून घेणार: ॲड. नीला केदार सेलूकर, मंठा