मागच्या भिंतीचा गिलावा

बाबा, मागच्या भिंतीला बाहेरून गिलावा झाला. मी केला. हे ऐकून तुम्ही आधी हसाल आणि मग ओळंबा घेऊन मागे जाल, म्हणून आधीच सांगते, खालच्या बाजूला तिने जरा पोट काढलंय. सरावलीचं हे घर तुम्ही सुट्टीच्या दिवशी ब्लॉकचा एकेक थर चढवत बांधलंत. आतून गिलावा केलात, बाहेरचा राहिला. "बाहेरून कोण बघतंय? पुढल्या वर्षी करू," म्हणालात, आणि पुढल्या वर्षी तुम्ही नव्हतात. मी तेव्हा सातवीत होते. तेव्हापासून ते राखाडी ब्लॉक उघडेच. पश्चिमेचा पाऊस थेट त्यांच्यावर येतो, सांध्यांतून आत झिरपतो, आणि आईची खाट त्याच भिंतीला लागून. गेल्या पावसाळ्यातला तिचा खोकला दिवाळी आली तरी गेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, आधी घरातली ओल काढा. पण एका भिंतीसाठी गवंडी येईना, सगळे बोईसरच्या टॉवरांवर. म्हणून मे महिन्यात माळ्यावरची तुमची थापी मीच खाली काढली.

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. तो बदललेला नाही. कंपनीत मी माल तपासायच्या कामाला आहे आणि घरी गॅसचा खटका पुन्हा पुन्हा बघते. भिंतीला पाणी हवं एवढं डोक्यात होतं, म्हणून नळी लावून तिला न्हाऊ घातली, वर थोडं जास्तच, कमी पडायला नको म्हणून. मग सिमेंट-वाळूचा माल थापीने फेकला. तो क्षणभर थांबला आणि सबंध पदर सुटावा तसा घसरत माझ्या पायांवर आला. शेजारच्या खोलीत राहणारा कामगार पाळीवर निघाला होता, तो थांबून म्हणाला, "दीदी, यूट्यूब देखके कर रही हो क्या?" मला रडू येत होतं. तशीच मी उकिडवी बसले, आणि तुमचा आवाज आठवला.

मी लहान आहे. माहीमला एका वाडीच्या कुंपणाची भिंत चालली आहे आणि तुम्ही मला सोबत नेलं आहे. तुम्ही कुंचा बुडवून ब्लॉक नुसते ओले करता, जवळजवळ पुसताच. मला वाटतं तुम्ही कंजूसपणा करताय, म्हणून मी तुमची पाठ वळल्यावर डबा भरून ओतते. तुम्ही ओरडता, "अगं बाय, किती पाजशील तिला? ही काय वीट नाय. पोट भरल्यावर माल कसा खाईल ती?" आता बसल्या बसल्या कळलं की ती धमकावणी नव्हती, शिकवणी होती. भिंतीला भूक ठेवावी लागते.

मी तिला दोन दिवस सुकू दिली. मग सकाळी कुंच्याने ओलावली, हाताला गार लागेल इतकीच, पातळ माल कालवला आणि मनगटातून छपका मारला. बाबा, तो बसला. आधी चमकला, मग बघता बघता त्याची चमक गेली, जणू भिंतीने आतून श्वास ओढून त्याला जवळ घेतलं. मी दुसरा मारायचं विसरूनच गेले. त्या माहीमच्या भिंतीपुढे मी विचारलं होतं, हा खाली का पडत नाही? तुम्ही थापी तशीच धरून म्हणालात, "मला तरी काय ठाव? रोज मारतो, रोज बघतो. आमी फक्त फेकतो, धरते ती." मला तेव्हा वाटलं, तुम्ही टाळताय. आता वाटतं, तुम्हाला खरंच नवल वाटत होतं, इतकी वर्षं हेच काम करूनही. उभ्या भिंतीवर ओला चिखल फेकायचा आणि तो राहतो, याची सवय व्हायची तरी कशी?

खडबडीत छपका सुकल्यावर त्यावर जाड थर दिला, पट्टी ओढून सपाट केला, लाकडी रंधा फिरवून घोटला. आई मागच्या दारात बसून बघत होती. "पडला तर कोंबड्यांवर पडंल, माझ्यावर नाय. कर तू," म्हणाली. मग कितीतरी दिवस मी कामावर जाण्याआधी आणि आल्यावर पाणी मारलं. आता पावसाळा अर्धा सरलाय. आतली भिंत कोरडी आहे. ओलीमुळे लांब ओढलेली खाट आईने भिंतीला पुन्हा चिकटवली आणि उशी मुद्दाम त्याच बाजूला ठेवली. ती रात्रभर झोपते. मीच उठून तिचा खोकला ऐकू येतो का बघते, आणि येत नाही.

एक गोष्ट मात्र आईला सांगितलेली नाही. परवा ती बाजारात गेली असताना मी माझा गिलावा बोटाच्या पेराने वाजवून पाहिला. भरीव वाजला, सगळीकडे. मग उगाच आत येऊन तुमचाही वाजवला. खिडकीखाली, हाताच्या पंजाएवढ्या जागेत, तो पोकळ वाजतो. म्हणजे तिथे तुमचा माल कधी धरलाच नव्हता, आजूबाजूच्याने त्याला इतकी वर्षं सांभाळलं. मी तिथे बराच वेळ हात ठेवून उभी राहिले. खरं सांगू, मला फार बरं वाटलं.