बातमीतली खुर्ची

व्हॅलेन्सिया, स्पेन
९ जानेवारी २०२६

निकिताताई,

आईला पाया पडतो म्हणून सांग. हितं थंडी लई हाय, संत्र्याची तोडणी जोरात चालू हाय. मी बरा हाय. पत्र बघून दचकू नको. फोनवर आण्णांचं नाव काढलं की "रानात गेलेत" म्हणतीस अन् फोन आईच्या हातात देतीस, म्हणून लिहायला बसलो.

सातवीत शाळा सोडली तवा तू मला किती बोलली होतीस. आता बघ, दर शनिवारी वर्गात बसतोय. स्पॅनिश शिकवणाऱ्या मारिसाबाई पुस्तक कमीच उघडतात. "फोन काढा, आजची बातमी उघडा," म्हणतात. फोटो बघायचा, मोठ्या अक्षरातलं वाचायचं, अन् सांगायचं: कोण, कुठं, काय, कधी. माझ्या शेजारचा सेनेगलचा मामादू दर वेळी फुटबॉलचीच बातमी काढतो. बाई कपाळाला हात लावतात.

मागच्या शनिवारी म्हणाल्या, आपापल्या गावाची बातमी आणा. मी माकणी टाकलं. "माकणी शिवारात वेळ अमावस्या उत्साहात." अन् फोटोत तू! डोक्यावर घोंगडं, त्यावर आंबिलाचं मडकं, आपला बिंदगा. इतका हरखलो की नीट बघितलंच न्हाय, तसाच बाईंना दिला. त्यांनी भिंतीवर मोठा करून दाखवला.

कोण? माझी बहीण. कुठं? आमचं रान. काय? येळवस. त्या दिवशी कुणाच्याबी रानात जाऊन जेवता येतं, असं मोडकंतोडकं सांगितलं. मामादू म्हणाला, "अन् आम्हाला बोलावलं न्हाईस व्हय!" सगळे हसले.

मग बाईंनी तुझ्या मागं बोट ठेवलं. कडब्याच्या खोपीजवळ प्लास्टिकची खुर्ची. "हे कोण?"

बिंदगा तुझ्या डोक्यावर का, ते मला तवा कळालं. आण्णा त्याला दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाईत. अन् खुर्चीत तेच बसलेले, डावा हात कुणीतरी मांडीवर आणून ठेवल्यागत. तोंड एका बाजूला वढलेलं.

"माझे वडील."

"काय झालंय त्यांना?"

पहिल्याच दिवशी शिकलेलं वाक्य कामाला आलं. मला माहीत न्हाय.

बाहेर येऊन गावाकडं, आपल्या शेजारच्या बजरंगला फोन लावला. लई आढेवेढे घेतले त्यानं. मग म्हणाला, "आरं, दिवाळीच्या आदीच झटका आला. ताईनं शपथ घातली होती. तू कुठला येणार हायस, उगं जिवाला घोर."

तुझ्यावर चिडलो होतो. पण ताई, दर येळवशीला "पुढल्या वर्षी येतो" कोण म्हणायचं?

घरी पक्के हायत म्हणून सांगितलं, पण हितं राहायचे माझे कागद अजून पक्के न्हाईत. आणखी एक वर्ष हितं काढलं तर होतील, म्हणून तर हा वर्ग. मधी निघालो की पुन्हा पहिल्यापासून, अन् परत येऊ देतील का ते बी ठाव न्हाय.

बाईंनी सांगितलंय, आपल्या बातमीचं पुढं काय झालं ते उद्याच्या वर्गात सांगा. मी जाणार न्हाय. तिकीट काढलंय. हे पत्र पोचायच्या आत मीच पोचेन, म्हणून फोटो काढून फोनवर पाठवतोय.

आण्णांना कागदाचं कळू देऊ नको. बिंदगा दुसऱ्याच्या डोक्यावर गेला म्हणून ते आदीच खचले असतील. सुट्टी मिळाली म्हण. इतके दिवस तू त्यांना रानात पाठवत होतीस, तसं मला सुट्टीवर पाठव.

उशिरा निघालेला,
कृष्णा