ओलं फडकं

८ सप्टेंबर, निलंगा
शेवटी खोली मिळाली. दवाखान्यापासून चालत सात मिनिटं, खिडकी पूर्वेला, अंगणात मोठा शेवगा. मालकीणबाई पार्वतम्मा साठीच्या, एकट्याच राहतात. मी मुदखेडहून आणलेली पेटी खाली ठेवते न ठेवते तोच त्यांनी गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढ्यात ठेवली आणि सरळ अगंतुगंवर आल्या. फार बरं वाटलं. त्यांचं माहेर पलीकडे कर्नाटकात, त्यामुळे बोलताबोलता कानडी येतं. डोळ्याला कण्णु म्हणतात, हे आज कळलं. मी डोळ्यांच्या दवाखान्यात लागले म्हटल्यावर हसल्या.

११ सप्टेंबर
काम आवडून राहिलं. चष्म्याचे नंबर काढायचे, थेंब घालायचे, पेशंटला डोळा तपासायच्या यंत्रासमोर, स्लिट लॅम्पसमोर, हनुवटी टेकवून बसवायचं. डॉ. देविदास सर कमी बोलतात, पण शिकवतात. आज त्यांनी आतून सुजलेला डोळा दाखवला. कॉर्निया म्हणजे पुढची काच, तिच्या मागे थोडं पाणी, मग बुबुळ. चांगल्या डोळ्यात ते पाणी अगदी स्वच्छ असतं. सूज आली की प्रकाशाच्या पट्ट्यात कण तरंगतात, कवडशातल्या धुळीसारखे. मला ते सुंदर वाटलं. सरांना सांगितलं नाही.

१७ सप्टेंबर
मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी. शेवग्याच्या खोडावर सुरवंट आलेत. शेकड्यांनी, एकाला एक चिकटून, खोडाने करडी गोधडी पांघरल्यासारखे. जाळून टाकू म्हटलं तर पार्वतम्मांनी नाही म्हणून सांगितलं. जातात आपोआप, म्हणाल्या. कपडे वाळत घालताना वारा आला आणि डाव्या डोळ्यात काहीतरी गेलं. चोळला. मीच पेशंटना सांगते चोळू नका.

१९ सप्टेंबर
सरांनी डोळ्यातून सुरवंटाचे सात केस काढले. आठवा कॉर्नियात खोल रुतलाय, हाताला लागत नाही. या केसांना बारीक उलटे काटे असतात. पापणी मिटली की केस पुढे सरकतो, मागे कधीच येत नाही. रोज तपासून बघू म्हणाले.
आल्यावर पार्वतम्मांनी माझं डोकं मांडीवर घेऊन दोन्ही डोळे ओल्या फडक्याने अलगद पुसले. इतकं गार वाटलं की झोपच लागली. आता रोज दुपारी पुसून देणार आहेत.

२३ सप्टेंबर
उजेड सोसत नाही. आज स्लिट लॅम्पच्या दुसऱ्या बाजूला मी बसले. सर बराच वेळ बघत होते. धूळ दिसतेय का विचारलं. हो म्हणाले. केस काच पार करून आत शिरलाय. बाहुली मोठी करणारे थेंब घातलेत, त्यामुळे जवळचं धूसर दिसतं. म्हणून मोठ्या अक्षरात लिहून राहिले.
दवाखान्यातल्या कावेरीबाई आया घरी सोडायला आल्या. वाटेत त्यांनी सांगितलं की या खोलीत आधी शिवांगी नावाची शिक्षिका राहायची. तिचे दोन्ही डोळे गेले. तिला मागेपुढे कुणी नव्हतं. पार्वतम्मांनी तिला मरेपर्यंत, चार वर्षं, हाताने भरवलं. सगळं निलंगा त्यांचं नाव घेतं. असं माणूस मिळत न्हाई बघ, म्हणाल्या.
पार्वतम्मा शिवांगीबद्दल कधी काही बोलल्या नाहीत.

२६ सप्टेंबर
आता उजवा. सरांनी त्यातून नऊ केस काढले आणि चिडून विचारलं, झाडाजवळ का गेलीस. मी नऊ दिवस झाडाजवळ फिरकलेलेही नाही. खिडकी बंद आहे.
डाव्या डोळ्यात तळाशी पांढरी रेघ साठली आहे. पू. सरांनी लातूरच्या सर्जनच्या नावे चिठ्ठी दिली. ऑपरेशन आणि लगेच. खोली सोड, असंही म्हणाले.
पार्वतम्मांना सांगितलं.  त्या म्हणाल्या, सोमवारी मीच नेते.

२८ सप्टेंबर
दुपारी ठणक्याने झोप लागेना. पडदा जरा सरकवला. उजव्याने अजून थोडं दिसतं.
पार्वतम्मा झाडापाशी होत्या. हातात फडकं. वाटलं, सुरवंट झाडून टाकतायत. नाही. खोड पुसत होत्या. हळूहळू, वासराची पाठ कुरवाळावी तसं. मग फडकं तांब्यात बुडवलं, चिमटीत धरून पिळलं आणि माझ्या दाराकडे वळल्या.
मी आतून कडी लावली.
ती दाराबाहेर बराच वेळ उभी होती. "डोळं पुसून घे पोरी. गार वाटतंय की." आवाज नेहमीसारखाच, मायेचा. "शिवू बी आधी कडी लावायची. मग न्हाई लावली. मग कुठं जातीया?"

२९ सप्टेंबर
डाव्याने फक्त उजेड आणि अंधार. उजव्यात धुकं —
सोमवार आला. म्हणते, दसरा झाल्यावर जाऊ. दवाखाना दसऱ्यापर्यंत बंद, सर गावाला. माझा फोन तिच्याकडे, दिसेना तेव्हा मीच दिलेला. लखनला, माझ्या भावाला, लावून दे म्हटलं. लागत न्हाई म्हणाली. बटणं दाबल्याचा आवाजसुद्धा आला नाही.
दिवसभर कडी. पाणी नळाचं. डोळ्यांना माझा स्वतःचा हातही लावत नाही.

३० सप्टेंबर
ती देवीच्या देवळात गेली. फाटक वाजलं, तेव्हा निघाले. भिंत धरून. चिठ्ठी ओढणीत बांधली. विचारत विचारत एसटी स्टँड —
एका बाईने हात धरला. लातूरची गाडी म्हटलं. बोलली काही नाही, पण गर्दीतून नेलं, चढवलं, खिडकीशी बसवलं. शेजारीच बसली. गाडी सुटली. किती दिवसांनी नीट श्वास घेतला.
अक्षर कसंही येऊ दे. लिहून ठेवते. लातूरला उतरले की आधी लखनला —

कंडक्टर आला. बाई हात सोडत नाही.
तो म्हणाला, पार्वतम्मा, ही बी का? लई पुण्याचं काम करून राहिल्या तुम्ही.
"दोन औराद," ती म्हणाली.
औराद उलट्या बाजूला, कर्नाटकच्या वाटेवर. ही लातूरची गाडी नाही. मी उठले, ओरडले — सगळे मायेने म्हणतायत बस बाई, बस, तुला दिसत न्हाई — कुणीतरी खांदे धरून खाली — ती म्हणते पोरीचं डोकं फिरलंय, वही घ्या तिच्या हा