दुसऱ्या टाकीची जागा

३ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आपलं जुनं स्टेशन पाडायचं काम आमच्याच खात्याकडे आलं आणि साफसफाईचा प्रमुख म्हणून मला इथे आणून बसवलं आहे. शेवटची गाडी गेली त्याला अकरा वर्षं झाली. तिकीटघरात कबुतरांची वीतभर घाण आहे. छपराच्या पत्र्यांची धूळ विषारी निघाली, म्हणून माणसं तोंडाला मुसकी बांधून एकेक पत्रा ओला करून उतरवतात. फलाटाखालची माती तेलाने काळीठिक्कर पडली आहे. ती खणून बाहेर न्यायची, मग इमारती पाडायच्या आणि मोकळी जागा नव्या बाजारासाठी सोपवायची. सगळं महिनाअखेरच्या आत.

खरी अडचण निराळी आहे. बाबा तेलकोठारावर होते तेव्हा जमिनीखाली दोन टाक्या होत्या, असं ते सांगायचे. नकाशात एकच आहे. ती सापडली, रिकामी करून धुतली. दुसरीत इतकी वर्षं तेलाची वाफ कोंडलेली असणार. खणायच्या यंत्राचा दात लागून ठिणगी उडाली तर जवळचा माणूस वाचत नाही. तू रोज बाबांचा डबा घेऊन तिकडे जायचीस. मी तेव्हा चार वर्षांचा, मला फक्त तुझ्या हातचा मार आठवतो. ती टाकी कुठे होती, एवढं उलट टपाली कळव.

तुझा,
बारक्या

६ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

नव्वद किलोच्या माणसाला बारक्या म्हणताना पेन अडखळतं, पण या वयात नाव कोण बदलणार? मार कारणाशिवाय एकदाही दिला नव्हता. फोनवर सांगितलेलं तू एका कानाने ऐकतोस, म्हणून लिहून देते.

फलाटाच्या टोकाला दगडी हौद आहे. त्याच्या नळाला पाठ टेकवून सिग्नलच्या केबिनकडे नाकासमोर चालायला लाग. एकसष्टाव्या पावलाला टाकीचं झाकण. बाबा त्यावर बसून जेवायचे. डबा हिंदकळू नये म्हणून मी पावलं मोजत जायची. एकदाही साठ किंवा बासष्ट झाली नाहीत. छत्तीस वर्षं गणित शिकवलं आहे. माझ्या आकड्यात चूक काढणारा अजून जन्मायचा आहे.

तरीही खणण्याआधी सळई ठोकून पाहा. तुझा आळस मला ठाऊक आहे. रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस.

ताई

१० नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने डोक्यावरचा धोंडा उतरला. हौदाला पाठ लावून मी स्वतः एकसष्ट पावलं चाललो आणि तिथे चुन्याने मोठा चौकोन आखला. आत फक्त हाताने खणायचं, बाहेर यंत्र चालेल, अशी सगळ्यांना ताकीद दिली आहे. सळईच्या तपासणीत चार दिवस जातात आणि ठेकेदार रोज मानेवर बसलेला असतो. शिवाय सळईपेक्षा तुझ्या आकड्यावर माझा भरवसा जास्त.

यंत्र चालवणाऱ्याला इथे सगळे उस्ताद म्हणतात. यंत्राच्या फावड्याने अंडं न फोडता उचलून दाखवतो. ही जागा कुणी ठरवली, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, माझ्या थोरल्या बहिणीने. त्यावर तो म्हणाला की मग बोलायलाच नको, थोरल्या बहिणी चुकल्या तरी बरोबरच असतात. सगळे हसले.

गोळी घेतो आहे.

बारक्या

१५ नोव्हेंबर

ताई,

उस्ताद गेला. परवा सकाळी साडेदहाला.

टाकी चौकोनात नव्हतीच. पंधरा-सोळा मीटर अलीकडे, हौदाच्या अंगाला होती. तो रेघेच्या बराच बाहेर खणत होता. आधी धप्प असा आवाज झाला, मग आग. त्याला यंत्राच्या केबिनमधून काढायला आम्हाला किती वेळ लागला ते लिहवत नाही.

आग विझल्यावर, चौकशीचे साहेब पोचायच्या आत, ठेकेदाराच्या माणसाने खराट्याने चुना झाडला आणि खड्ड्याभोवती नवी रेघ मारली. मी दहा हातांवर उभा होतो, बोललो नाही. आता ते म्हणतात की उस्ताद ताकीद मोडून रेघेच्या आत शिरला. एकोणीसला माझा जबाब आहे. जुनी रेघ कुठे होती ते खात्रीने सांगू शकेल असा मी एकटाच आहे. मजूर ठेकेदाराचे, ते तोंड उघडणार नाहीत.

ताई, आकडा चुकला कसा?

बारक्या

१७ नोव्हेंबर

चि. बारक्यास,

पत्र वाचल्यावर अंगणात जाऊन मी एकसष्ट पावलं चालले. मग शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलीला तेवढीच चालायला लावली. ती कितीतरी मागे राहिली.

आकडा चुकला नाही. पावलं नऊ वर्षांच्या मुलीची होती आणि चाललास तू. हे मला लिहिताना सुचलं नाही, तुला चालताना सुचलं नाही. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही म्हणून मी जन्मभर मुलांचे गुण कापत आले, आणि जिथे माणूस मरणार होता तिथे नुसता आकडा लिहून पाठवला. चूक माझी. सळई न ठोकणं ही तुझी. उस्तादची कोणतीच नाही.

जबाबात हेच सांग. माझं पत्र त्यांच्यापुढे ठेव. नोकरी जाईल, जाऊ दे. मेलेल्या माणसाच्या अंगावर आपली चूक घालून तू पेन्शन खाणार असशील, तर ती तुझ्या घशाखाली उतरणार नाही.

ताई

२१ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र एकोणीसला सकाळीच मिळालं, म्हणजे वेळेवर. वाचलं आणि दुपारी जबाबावर सही केली. रेघ खड्ड्याभोवतीच होती, असं लिहून दिलं.

निवृत्तीला सात महिने उरलेत. तुझ्या भावजयीचं मन कसं आहे ते तुला माहीत आहे, हे तिला सोसणार नाही. तुझं सहा तारखेचं पत्र मी जाळलं. माझं पंधरा तारखेचं तू फाडून टाक.

सही करून बाहेर आलो तर फाटकापाशी उस्तादची बायको उभी होती. तिने विचारलं की आमचे हे सांगितलेलं ऐकत नव्हते का? घरी तर एका शब्दाबाहेर नव्हते. मी घड्याळ पाहिलं आणि गाडीत बसलो.

यंत्र पुन्हा सुरू झालं आहे. काल तिकीटघर पाडलं. ताई, मला रागावून का होईना, पण लिही.

बारक्या

२४ नोव्हेंबर

चि. बारक्यास,

मी ते पत्र फाडलेलं नाही. काल चौकशीच्या साहेबांना सगळं लिहिलं आणि तुझं पत्र सोबत जोडलं. रजिस्टर केलं. हे पत्र मुद्दाम एक दिवस उशिरा टाकते आहे, म्हणजे तुला धावपळ करून काही थांबवता येणार नाही. तुझ्या अक्षराची ओळख पटवायला बोलावलं, तर मी येईन.

तुझ्या खात्यात फोन करून त्या बाईचा पत्ता मिळवला. तिला लिहिलं की तुमच्या नवऱ्याने सगळं ऐकलं होतं, रेघ आम्हा भावंडांनी चुकीच्या जागी मारली. त्यापुढे माफीची दोन वाक्यं लिहिली होती, ती खोडली. तिच्या ती काय कामाची?

हे सगळं ताईने केलं असं तुझ्या बायकोला सांगायचं असेल, तर सांग. खरंच आहे ते. पण जबाब तू दिलास हेही सांग.

घर खात्याचं आहे, ते सोडावं लागेल. माझ्याकडची मागची खोली रिकामी केली आहे. पुस्तकं वरच्या फळीवर गेली, दोन खाटा मावतात. खिडकीची कडी नीट बसत नाही, सुतार शुक्रवारी येतो. तुम्ही दोघं येताना जड सामान आणू नका. जिना अरुंद आहे आणि मला उचलू लागणं होणार नाही.

रागाने का होईना, पण ये.

ताई